निळ्या खडूचं तळं

कणकुंबीच्या शाळेत भरमाणी गुरुजी
फळ्यावर एक तळं काढायचे,
त्याला काठ नसायचा, नुसते ठिपके.
"आठ-दहा वर्षांतनं एकदा भरतं.
एरवी मीठच मीठ. चाललं की पायाखाली करकरतं."
गुरुजी स्वतः धारवाडच्या पलीकडे गेले नव्हते.

"आणि नद्या?" शटूप्पा गावड्याच्या सुबीनं विचारलं.
"येतात की, हजार मैलांवरनं.
पण समुद्राकडे नाही. आत.
पाणी उन्हाला जातं,
वाहून आणलेलं तेवढं राहतं."

आम्ही हसलो.
आमच्याकडे आढ्यावरचा पाऊससुद्धा वाटून घेतलेला :
पुढची पागोळी मलप्रभेला, उगवतीकडे,
मागची म्हादईला, गोव्यात.
थेंब पडायच्या आधी त्याचा समुद्र ठरलेला.

परवा सुबी खानापूर स्टँडवर दिसली.
कंडक्टरशी कन्नडात भांडून
माझ्याशी मराठीत वळली.
नवरा, पोरं, काहीच बोलली नाही.
"ते तळं आठवतंय काय रे?
मला तेव्हा त्या नद्यांची कीव यायची."
गाडी लागली.
पिशवी तिनं दुसऱ्या हातात घेतली.
"आता नाही येत."