यूज्ड टू

शरणपूर रोडला, झेरॉक्सच्या दुकानावर
सकाळी सातचा क्लास.
बोडके काका शेवटच्या बाकावर,
वहीवर गाडीची किल्ली.
वायनरीचे पाहुणे आणतात-सोडतात, सावरगाव रस्त्यानं.
पाहुणे विचारतात, द्राक्षांआधी इथं काय होतं.

त्यांनी लिहून आणलं होतं:
हिअर वॉज बाजरी. नाऊ चेंज.
मी लाल पेनानं खोडलं.
सांगितलं, पूर्वी असायचं आणि आता नाही
त्याला यूज्ड टू.
‘आता नाही’ त्यातच येतं,
वेगळं सांगावं लागत नाही.

काकांनी पुटपुटत तीनदा घोकलं.
मग म्हणाले, मॅडम, नुसतं वॉज म्हटलं तर?
तर कळत नाही, संपलं की अजून आहे.
हां, म्हणाले.

पुढे चेंज्ड आणि वॉज चेंज्ड.
एकात जमीन आपली आपण बदलते,
दुसऱ्यात कुणीतरी बदलतं.
मराठीत बरंय, काका हसले,
जमीन बदलली. मिटलं.
खरेदीखतावर थोरल्याची सही
की माझी, कोण विचारतंय?

शनिवारी टेस्ट. दहा वाक्यं.
नऊ बिनचूक, यूज्ड टू सगळीकडे जागच्या जागी,
बाजरी, बांध, बाभळीखालची बैलं.
दहावं:
माय फादर्स वेल वॉज हिअर, बिहाइंड पार्किंग.

पेनाचं टोपण काढलं, लावलं.
बुजवली असेल तर चूक.
नसेल तर बरोबर.
वही अजून माझ्याकडेच आहे,
आणि सावरगावला मी
कधी गेलेले नाही.