फुल्ल

स्वयंपाकघरातलं कॅलेंडर माझ्या अक्षरानं भरलंय:
कराड, सहा माणसं, दोन शाकाहारी.
हुबळी, एसी पाहिजेच.
नाशिकचं जोडपं, एक रात्र, कदाचित दोन.
एकोणीस तारखेला नुसतंच ‘आजोबांना जिने नकोत.’

देवबागेत एका हाताला खाडी, दुसऱ्या हाताला दर्या,
मधे आमच्या चार खोल्या
आणि बारा वर्षं मी झटकलेल्या चादरी.
पाहुण्यांच्या पायांची वाळू साठवली असती
तर एव्हाना माझं स्वतःचं बेट झालं असतं.

जेवताना म्हटलं, यंदा आपण जायचं. सगळ्यांनी.
‘खंय?’ लवूनं तिखल्यातलं तिरफळ ताटाच्या कडेला काढलं.
नील बेटावर. अंदमानला.
‘थंय काय आसा?’
समुद्र, मी म्हटलं,
आणि असा हशा पिकला
की पडवीतला कुत्रा उठून बसला.

हसा.
मला समुद्र बघायचाच नाही.
मला बघायचंय, नऊ वाजता उठल्यावर
चहा कोण आणून देतं.
ओला टॉवेल खुर्चीवर तसाच टाकून
निघून जायचंय.
कुणाला तरी विचारायचंय,
‘डॉल्फिन नक्की दिसतील ना?’
आणि समोरच्यानं खोटं बोलताना
माझ्यासारखंच माडाकडे बघावं.

मग वही निघाली.
मैथिलीनं मोबाइलवर विमानं शोधली:
मोपा, चेन्नई, पोर्ट ब्लेअर, पुढे बोट.
हर्षलला काचेच्या तळाची होडी हवी,
बापाची होडी दारात फुकट उभी असताना.
लवूनं पाच जणांचा हिशोब मांडला, खोडला,
इंजिनाचा हप्ता आठवून पुन्हा खोडला.
रापण ओढून ओढून ज्यांच्या तळहाताच्या रेषा पुसल्या
त्या आबांनी दोनच गोष्टी विचारल्या:
‘बेटार गोडा पाणी मेळता काय?
आणि वारो खंयचो?’
मैथिलीनं वारा शोधला. किलोमीटरमध्ये सापडला.
आबांना पटला नाही.

अडलं तारखेवर.
मोसमात पाहुणे. गणपतीत घर सोडवत नाही.
होड्या झापांखाली जातात तेव्हा आम्ही मोकळे,
पण तेव्हा तिथल्या बोटीही बंद.
वही दोन आठवडे फ्रिजवर पडून राहिली,
तिच्यावर कुणीतरी कोकमांची पिशवी ठेवली.

एका दुपारी, खोली तीनचे बंगळूरवाले पोहायला गेलेले,
मीच फोन लावला.
पलीकडे एक बाई.
किती जण? मासे खाता? लहान मूल आहे?
म्हाताऱ्या माणसाला जिने चालतील?
मागे कुकरची शिट्टी झाली.
‘एक मिनिट,’ ती म्हणाली, आणि मला कळलं
ती आता गॅस बारीक करायला गेली,
पदरानं कपाळ पुसेल,
परत येऊन म्हणेल, हां, बोला.
‘हां, बोलिए.’
निम्मे पैसे आधी पाठवा, म्हणाली.
लवू खुणेनं सांगत होता, कमी कर, कमी कर.
मी पाठ फिरवली.
‘तुमच्याकडे पण समुद्र आहे ना?’ तिनं विचारलं.
आहे, म्हटलं, पण तो कामावर असतो.
ती हसली. बराच वेळ हसली.

फेब्रुवारीत पाच चौकोन होते, अजून कोरे.
पेन चालेना, हातावर गिरवून चालू केलं.
लिहिलं: कुबल, पाच माणसं,
मासे खातात, आजोबांना खालची खोली.

संध्याकाळी पुण्याहून फोन.
समुद्र किती लांब?
बावीस पावलं, सवयीनं सांगितलं.
दहा ते चौदा फेब्रुवारी?
फुल्ल आहे, म्हटलं.
‘चारही खोल्या?’
चारही.
आमची माणसं यायची आहेत,
असं काहीतरी तोंडातून गेलं,
आणि मी फोन ठेवून
खोली तीनसाठी सोलकढी गाळायला घेतली.