बुडायला किती सेकंद

भद्रावती पेठेत, मागं माग खडखडत असताना
नाना बादलीत सोडतात टॉवेलचा तुकडा,
नव्या लॉटमधला, चार बोटं रुंद,
आणि तेलुगूत मोजतात:
ओकटि, रेंडु, मूडु…
पाचाच्या आत बुडाला तर माल पास.
तरंगत राहिला
तर समजायचं, फिनिशिंगवाल्यानं सॉफ्टनर जास्त मारला:
हाताला लोणी, पाण्याला बहिरा.

त्याच बादलीतलं पाणी पिऊन
मी उलटं काम शिकले.

केगावच्या लॅबमध्ये
काचेची पट्टी आम्लात धुते,
इतकी निर्मळ की थेंब टाकावा
तर पसरून दिसेनासाच होतो.
मग टोल्युइनमधले ते रेणू.
एका टोकाला सिलिकॉन, पाण्याला नि काचेला पटकन भुलणारा,
दुसऱ्या टोकाला अठरा कार्बनांची शेपटी,
तिला पाणी डोळ्यांसमोर नको.
(आमची अंबक्का आत्या अशीच होती.
तिला कुठल्या बाजूनं धरायचं, हे मामांना शेवटपर्यंत कळलं नाही.)

त्यांना ओळीत कुणी लावत नाही.
फणी नाही, धोटा नाही, शिव्या देणारा जॉबर नाही.
डोकी काचेला धरतात, शेपट्या वर,
शेजारी शेजाऱ्याला खेटतो, फट बुजते.
कापडच म्हणा:
उभे धागे सगळे,
आडवा फक्त तळाशी, दिसणार नाही असा.

"जीएसएम किती?" नानांनी विचारलं.
मी आकडेमोड केली. चौरस मीटरला
ग्रॅमचे हजार भाग करा, त्यातले दोन.
ते बराच वेळ हसले.
"मग विकणार कसं? किलोवर?"

ऑगस्टमध्ये सगळ्या पट्ट्या दुधाळ निघाल्या.
हवेत ओल जास्त, रेणू काचेपर्यंत पोचायच्या आतच
एकमेकांच्या गळ्यात पडून गोळा झालेले.
मे महिन्यात, त्रेचाळीस अंशांत,
पेटी कोरडी ठणठणीत ठेवली, तर काही धरलंच नाही.
बिराजदार सर म्हणाले,
काचेवर पाण्याचा एक पातळ पदर लागतो, अगदी नावाला.
त्याच्याशिवाय डोकं रुजत नाही.
पाण्याला नाही म्हणायचं, तरी आधी पाणी हवं.

मी वहीत लिहून घेतलं. तारीख टाकली.
त्या रात्री दोनला, पाचव्या दिवसाचा नळ आला.
विड्यांचं सूप बाजूला सारून अम्मा ओरडली,
"नीळ्ळु वच्चिनै!"
आणि गल्ली झोपेतच उभी राहिली,
हंड्याला हंडा, ड्रमला ड्रम,
कुणी कुणाला जागा दाखवली नाही.

दिवाळीच्या आधी एक पट्टी घरी आणली.
एकशे बारा अंश, असं मी म्हणाले.
नानांनी चष्मा कपाळावर सरकवला.
थेंब काचेवर बसला नव्हता, नुसता टेकला होता,
गोल, पाहुण्यासारखा, चप्पल न काढलेला.
त्यांनी पट्टी जराशी कलती केली
आणि तो निघाला.
नानांनी खांद्यावरचा टॉवेल खाली धरला,
विचार न करता, जसा पडणारा पेला धरतात.

"ओकटि," ते म्हणाले.
रेंडु म्हणायची वेळ आली नाही.

मग सवयीनं काच पुसायला घेतली.
पुसायला काही नव्हतं.
तरी पुसत राहिले,
दोन्ही बाजूंनी.