प्रश्न सतरावा

सेलूत वसतिगृहाची इमारत, दुसरा स्लॅब.
विटांच्या थप्पीवर मी प्रश्नावली घेऊन बसलेली.
प्रश्न सतरावा : वादाचे मुख्य कारण कोणते?
अ) नकाशातील बदल ब) थकलेले बिल
क) संवादाचा अभाव.
एकाच ठिकाणी खूण करा.

एकाच?
मुनीर मिस्त्री तंबाखू मळत हसतो.
बीम दीड इंच खाली बसलाय.
सेंटरिंगवाला गंगणे म्हणतो, नकाशाच तसा होता.
नकाशावाले म्हणतात, सुधारित प्रत पाठवली होती.
सुधारित प्रत साइट ऑफिसात
भज्यांखाली तेल पिऊन पडलीय.

दोन दिवस काम बंद.
टँकर येऊन उभा, पाइप कुणी लावेना,
स्लॅबवरची पोती वाळून कडक.
दुधगावकर साहेब पत्रांवर पत्रं लिहितात
जावक क्रमांकासकट.

उन्हं कलल्यावर
मुनीर लेव्हलची नळी काढतो, पाणी भरतो,
टिचकीनं बुडबुडे हाकलतो,
एक टोक गंगणेच्या हातात.
"हिल नक्को. पानी झूट नई बोलता."
दुसरं टोक धरून स्वतः
पस्तीस फुटांवर, जुन्या लाल खुणेपाशी.
शिव्या देता देता दोघं गप्प होतात,
कारण बोललं की हात हलतो.

पाणी वर. खाली. थांबतं.

गंगणेची चूक इंचभर,
मुनीरच्या खुणेची अर्धा.
त्या अर्ध्यावरून तो पुन्हा भांडतो,
पण टँकरला पाइप लावता लावता.

सतरावा प्रश्न कोराच राहिला.
मार्गदर्शक सर लाल शाईत विचारतील.
नळीतलं थोडं पाणी सांडलंय कागदावर,
क च्या खाली,
जिथं मी पर्याय ठेवलाच नव्हता.