अकराव्या विहिरीची खाच

यझ्दच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्यापासून
आमच्या डाळिंबांपर्यंत
जमिनीच्या पोटातून पाणी चालत येतं.
चालत म्हणते, कारण धावलं तर बोगदा खातं,
आणि रेंगाळलं तर गाळ होतं.
मीटरमागं एक मिलिमीटर चढ,
एवढ्यावर आमचं गाव.

त्या वर्षी पूर शिरला आत.
नगरपालिकेनं कनातीच्या तोंडाशी सिमेंटचा नवा उंबरा घातला,
गुळगुळीत, तारीख कोरलेला.
पाणी काही आलं नाही.

बाबा पांढरे कपडे घालून उतरले.
कनात खोदणारे पांढरंच घालतात.
अंधारात दिसावं म्हणून, असं बाबा म्हणायचे.
दुसरं कारण आई कधी बोलली नाही,
ते कपडे मात्र कुणाला धुऊ द्यायची नाही.

जुना तळ कुठं होता, कुणाला ठाऊक!
खूण एकच सापडली:
अकराव्या विहिरीत, दिव्याच्या काजळीखाली
आजोबा गुलामरझांच्या छिन्नीची खाच.
तोंडापासून चारशे चाळीस मीटर आत,
उंबऱ्याहून एकतीस सेंटीमीटर वर
(पाण्याची नळी लावून मीच मोजलं).

मी तेव्हा दहावीत.
दोन बिंदू असले तर रेष कुणीही ओढतं,
दोरी ताणली की झालं.
एकट्या बिंदूला मात्र विचारावं लागतं,
बाबा रे, तुझा कल कुणीकडे?

चहाच्या पुड्यावर लिहिलं:

य − ३१ = १/१० (क्ष − ४४०)

बाबांनी दिवा जवळ धरला.
"ही दोन वजा कशाला?"
म्हटलं, हिशेब खाचेपासून धरायचा, म्हणून.
तिथं उभं राहिलं की दोन्ही बाजूंना शून्य,
मागचं चालणं, मागची चढण, काही मोजायचं नाही.
"मग विसाव्या विहिरीशी?"
तीनशे साठ मीटर पुढं, छत्तीस सेंटीमीटर वर.
एकतीस नि छत्तीस, सदुसष्ट.
त्यांनी हवेत वीत टाकली,
एक, दोन, तीन.
"तीन विती. सरळ सांग की!"

शाळेत तैमूरी खानमनं तो पुडा उलटसुलट पाहिला
आणि अर्धेच गुण दिले. सोपं रूप लिही, म्हणाल्या.
मला राग आला.
कंस सोडवला की खाच जाते,
काजळी जाते, आजोबांचा हात जातो.
तरी सोडवला. उरलं ते कुणाचंच नव्हतं:

य = क्ष/१० − १३

रात्री त्या तेराकडे बघत बसले.
क्ष शून्य, म्हणजे तोंड.
तोंड म्हणजे उंबरा.
आणि य उणे तेरा.

मी बाबांना उठवलं.

पहिला घाव नेमका तारखेवर बसला.
अर्ध्या वितीहून जरा जास्त खाली
जुना दगड लागला, पाण्यानं झिजलेला.
आतला गाळ उपसायला पुढं दोन महिने गेले,
तेवढं समीकरणात नव्हतं.

पाणी आधी बाबांनी पाहिलं, खाली, विसाव्यापाशी.
ते ओरडले. विहिरीविहिरीवर उभ्या पोरांनी
तो ओरडा हातोहात पुढं दिला,
अठरा, सतरा, अकरा, चार,
मी तोंडाशी बसले होते, पाय ओल्या मातीत.
आवाज आधी पोचला.
पाणी मागून, चालत.