कातरण

समितीने माप ठरवून दिलं होतं: आठ बाय दहा,
मागे फिकट निळा,
खांद्यापर्यंत, समोर बघणारा चेहरा.
भिंतीवर सगळे सारखे दिसले पाहिजेत, म्हणाले.

माझगावातल्या माझ्या स्टुडिओत
त्या आठवड्यात कुणी फोटो काढून घेतला नाही.
आले ते पिशव्या घेऊन.
एवढ्या आयुष्यांत
सरळ समोर बघितलेलं फार थोड्यांनी.

गजानन पाष्ट्यांचा एकच निघाला, कंपनीच्या ओळखपत्रावरचा,
कानाजवळ भोक पाडून दोरी ओवलेली.
तो कान रात्री दोनपर्यंत भरत बसलो,
दुसऱ्या कानाची उलटी नक्कल करून.

झुलेखाबाईंचा मुलगा माथेरानला, घोड्यावर, काळा चष्मा.
डोळे लागतील, मी म्हटलं.
मग लावा की, त्या म्हणाल्या, तुम्हांला येतात ना लावता.
थोड्या वेळाने स्वतःच: नको.
नीट बघा, काचेत फोटो काढणारा दिसतोय,
त्याचा धाकटा भाऊ आहे तो.
त्या एका चष्म्यासाठी समितीशी भांडलो.

बाकी सगळे कातरले.
मूळ फोटोला मी हात लावत नाही,
आधी प्रत, मग कात्री;
कॉम्प्युटरवर होतं हे सगळं, पण कड मला बोटांनीच कळते.
लग्नातून, बारशातून, ऑफिसच्या सहलीतून
एकेकाला सोडवून घेतलं,
हाताला धरून गर्दीबाहेर आणावं तसं.
त्या संध्याकाळी कुणी असं आणायला हवं होतं,
हे मनात आलं
आणि कात्री ठेवून खाली चहाला गेलो.

उरलेलं टाकवेना.
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात साठत गेलं:
अर्धी वहिनी.
पेढा भरवणारी बोटं, पुढे तोंड नाही.
एक पोरगं मान वर करून बघतंय,
वर कात्रीची गोल वाट.

हॉलच्या भिंतीवर गेलेले आहेत.
डब्यात, राहिलेले.

भिंतीला दर वर्षी हार, दोन मिनिटं शांतता,
माइकवर एखादं नाव चुकतंच.
डब्याचं कुणाला ठाऊक नव्हतं.

यंदा मार्चमध्ये फिलोमिनाबाई आल्या.
घर बदलताना अल्बम गेला म्हणाल्या, आख्खी पेटी गेली.
हॉलमध्ये जाऊन उभी राहते,
पण हे माझ्याकडे बघतच नाहीत,
माझ्या मागे कुठेतरी बघतात.
त्या फोटोत मी डावीकडे होते.
माझा तुकडा ठेवलाय का तुम्ही?

डबा उपडा केला. बराच वेळ लागला.
हिरवा झगा, हसू, वाकवलेलं कोपर,
कोपरात काहीच नाही.

त्यांनी तो रुमालात ठेवला.
पैसे विचारले, मी नको म्हटलं.
काउंटरवरची चिकटपट्टी मात्र मागून नेली.

हॉल सहाला बंद होतो.
पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.