दर पाचवं दार

प्रश्नावली लांब कुठेतरी तयार झाली.
व्हिएन्ना, सांतियागो, सिंगापूर आणि इंदूर
एकाच तक्त्यात मावावेत म्हणून
एकेक प्रश्न रंधा मारून सपाट केलेला.
मी त्याचं मराठी केलं, मग हिंदी,
मग जिना चढता चढता माळवी.

नियम सोपा: दर पाचवं दार.
कुलूप असेल तर ९९ लिहा, पुढचं वाजवा.

सी ब्लॉक, तिसरा मजला. ३११ला कुलूप.
९९.
३१२. रामकन्याबाई पंखा माझ्याकडे वळवतात.
घरात खोल्या किती?
"दीड."
दीडला कोड नाही.
बाल्कनीला पत्रा ठोकलाय, तिथे मुलगा-सून.
मी टेप काढते, दुसरं टोक नात धरते
आणि मोजून झालं तरी सोडत नाही.
समाधानी आहात? एक ते पाच.
त्या माझा घामेजलेला चेहरा बघतात
आणि मला बरं वाटेल असा आकडा देतात.
चार.

पेनाला टोपण लावल्यावर विचारते,
शेजारी कोण राहतं?
"ताराचंद. प्रेसवाला. वो तो पाछा नदी पे."
गिऱ्हाईक तिकडे, बायकोची चार घरची भांडी तिकडे,
इथून दोन बस, जाता-येता निम्मी मजुरी.
हप्ता भरायला येतात महिन्याला,
झाडतात, नळ सोडून बघतात,
परत कुलूप.

संध्याकाळी बेरीज: चाळीस दारं, तेरा कुलुपं.
रात्री ईमेल येते:
९९ वगळून सरासरी काढा.
काढली. तीन पूर्णांक नऊ.
इंदूरचा रकाना हिरवा झाला,
सांतियागोच्या वर.

रविवारी सुट्टी. तरी टेप पर्समध्येच होता.
वस्ती होती तिथे आता बाग आहे,
कुंपण, दोन बाकडी, चालायला लाल फरशी.
कुंपणाबाहेर, कडुलिंबाला ताडपत्री बांधून,
एक माणूस कोणाचा तरी पांढरा शर्ट
बाहीपासून सरळ करत होता.
मी ३११ म्हणाले. त्याने मान हलवली.
फॉर्म नव्हता, म्हणून तोंडपाठ पहिला प्रश्नच विचारला:
घरात खोल्या किती?

त्याने इस्त्री उचलून विटेवर ठेवली.
"कौन-से घर में, मॅडम?"